आकडा वाचू नका, बिल्ला द्या

नळदुर्गात मला नावानं ओळखणारी माणसं थोडीच. बाकी सगळ्यांसाठी मी ‘टायपिंग सर’. बस स्टँडमागं माझा टायपिंगचा वर्ग होता तेव्हा चिकटलेलं हे नाव. पुढं मशीनं भंगारात गेली, त्यांच्या जागी संगणक आले, तो वर्गही मी पुतण्याच्या हवाली केला, पण नाव काही सुटलं नाही. त्यामुळं ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असं दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तेव्हा बायको म्हणाली, “टायपिंगचं कोण वाचतंय आता?” मी म्हटलं, टायपिंगचं नाही, टोकनचं लिहितो. ती म्हणाली, “मग तर झालंच!”

तरी लिहितो. चाळीस वर्षं यंत्रांपुढं बसलो. त्यात मनापासून हात जोडावे अशी वस्तू एकच भेटली, ती म्हणजे हे टोकन. आणि तसं माणूस म्हणाल तर महादेवीअक्का. दोघांची गाठ गेल्या वर्षी नवरात्रात पडली, आणि मधे माझी लाज अडकली होती.

साठी उलटल्यावर इथल्या एका आरोग्य संस्थेनं मला बोलावलं. संस्थेच्या वीसेक गावांत सेविका आहेत. गावातल्याच बाया, कुणी चौथी, कुणी दहावी शिकलेल्या. गरोदर बायांचं वजन, रक्तदाब बघायचा आणि अडचण असली तर नळदुर्गात बसलेल्या डॉक्टर मॅडमना कळवायचं, हे त्यांचं काम. मॅडमचं म्हणणं होतं की बायांची दुखणी दुनियेच्या फोनमधून फिरायला नकोत, आपला स्वतःचा चॅट सर्व्हर पाहिजे. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेलं असतं, आपण फक्त बसवून घ्यायचं. आमचा सर्व्हर म्हणजे औषधांच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांशेजारी ठेवलेली एक काळी पेटी. दिसायला काहीच नाही. फोनमधलं ॲप मात्र मी आमच्या बायांसाठी मुद्दाम बदलून घेतलं होतं. मोठी अक्षरं, मराठी बटणं, निरोप गेला की हिरवी खूण. त्या हिरव्या खुणेचा मला भारी अभिमान होता.

गिऱ्हाइकं एकेक नामी. जीपचा ड्रायव्हर प्रत्येक निरोपाखाली ‘हो’ लिहायचा, मग तो निरोप त्याला असो वा नसो. एक सेविका निरोप वाचला की पुसायची, फोन जड होतो म्हणून. “किती जड झाला?” विचारलं तर म्हणाली, “हाताला कळतंय की वो सर.” महादेवीअक्का या सगळ्यांत वेगळ्या. कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका वस्तीत राहणाऱ्या, घरात कानडी, बाहेर मराठी, वय पन्नाशीच्या पुढं. मोजकं लिहायच्या आणि लिहिलेलं कधी खोडायच्या नाहीत. त्यांच्या वस्तीत रेंज नाही. निरोप वस्तीत लिहायचा, मग माळावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचं, तिथं फोनला रेंज सापडायची आणि निरोप आपोआप सुटायचा. टाकीपाशी बोलणं मात्र जमत नसे, आवाज तुटायचा. दोन शब्दांचा निरोप तेवढा पार पडायचा.

आता टोकन. घाबरू नका, सोपं आहे.

सर्व्हरपाशी निरोपांची एक यादी असते. नवा निरोप आला की तळाला चिकटतो. यादी कधी संपत नाही. एखादा फोन चार तास रेंजबाहेर राहिला आणि परत आला, तर त्यानं सर्व्हरला काय विचारायचं? ‘सगळं दे’ म्हटलं तर टाकीपाशी तेवढी रेंज पुरत नाही. ‘दुसरं पान दे’ म्हणावं तर पानं एका जागी राहत नाहीत. तुम्ही ताजं पान वाचत असताना तळाला तीन नवे निरोप आले, की तुमच्या पानावरचे तीन मागच्या पानावर सरकले. म्हणजे तेच तीन पुन्हा वाचा. म्हणून सर्व्हर शेवटचे वीस निरोप देतो आणि सोबत दोन टोकनं हातावर ठेवतो. एक पुढच्यासाठी: ‘यानंतर जे येईल ते हवं असलं की हे दाखव.’ एक मागच्यासाठी: ‘या विसाच्या आधीचं हवं असलं तर हे दाखव.’ फोननं ते जसंच्या तसं परत द्यायचं. टोकनवर अक्षरं असतात, आकडे असतात, आडव्या रेघा असतात. त्याचा अर्थ फक्त सर्व्हरला कळतो, आणि तेवढं पुरतं.

हे मला एकदा तुळजापुरात चप्पल स्टँडवरच्या मावशींनी फुकटात शिकवलं होतं. बिल्ल्यावर आकडा बघून मी हुशारीनं सरळ त्या खणाकडं गेलो. तिथं भलत्याचेच बूट. मावशी कडाडल्या, “ओ मास्तर, आकडा वाचू नगा, बिल्ला द्या! आकडा माझ्यासाठी हाय, तुमच्यासाठी न्हाय.” बिल्ला दिला, आणि डोळे मिटून काढावीत तशी त्यांनी माझी चप्पल काढून दिली. मी हसलो, घरी आलो आणि विसरलो.

गेल्या वर्षी आषाढात संस्थेच्या सचिवांनी एक तक्रार आणली. सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. हजेरीपट सरळ नसला की त्यांना जेवण जात नाही. त्यांचं म्हणणं, “टायपिंग सर, अकराचा निरोप एकच्या निरोपाखाली कसा दिसतो? हे काय रजिस्टर आहे का चिवडा?”

त्यांचंही खरं होतं. अक्का वस्तीत अकराला निरोप लिहिणार आणि एकला टाकीपाशी पोचणार. निरोपावर वेळ पडणार अकराची, पण सर्व्हरच्या यादीत तो चिकटणार एकला, सगळ्यांच्या खाली. मी म्हटलं, लावून देतो वेळेनं. आणि लावले. इथंच थांबायला हवं होतं. पण माझ्यातला टायपिंग सर जागा झाला. टायपिंगच्या परीक्षेत आयुष्यभर हातात घड्याळ धरून उभा राहिलेला माणूस मी. मला वाटलं, सगळं घड्याळावर चालतंय तर ते अगम्य टोकन हवं कशाला? ॲपला सरळ सांगितलं की फोनमधल्या शेवटच्या निरोपाची वेळ बघ आणि सर्व्हरकडून त्या वेळेनंतरचं माग. चाचणी घेतली, ती नळदुर्गात बसून, भरपूर रेंजमध्ये. सगळं सुरळीत चाललं. सचिवांनी पाठ थोपटली. मी टोकन काढून टाकलं.

ज्यांना वाचता वाचताच चूक दिसली असेल, ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत.

नवरात्रातली दुपार. हायवे तुळजापूरला चालत निघालेल्या माणसांनी फुललेला. सव्वादोनला मॅडमनी औषधांच्या खोलीत मला फोन केला. “सर, महादेवीअक्कांचा आत्ताच निरोप आलाय, ‘गाडी निघाली का?’ कोणती गाडी? त्याच्या आधी मला काहीच आलेलं नाही. त्यांचा फोन लागत नाही.”

मी माझा फोन बघितला. तिथंही तेच, नुसतं ‘गाडी निघाली का?’ उत्तर मागणारा निरोप आहे आणि मूळ निरोपाचा पत्ता नाही. मग सर्व्हरच उघडला. यादीत निरोप होता.

‘सविता, आठवा महिना. पाय लई सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येती. वरचा एकशेसाठ, खालचा एकशेदहा. मी तिला सोडून येत न्हाय. गाडी पाठवा.’

लिहिल्याची वेळ अकरा दहा. यादीत चिकटल्याची वेळ एक. मॅडमच्या फोननं बारा चाळीसपर्यंतचे निरोप घेतलेले होते, म्हणून तो सर्व्हरला विचारत होता, ‘बारा चाळीसनंतरचं दे.’ सर्व्हर इमानानं सांगत होता, नाही काही. कारण ह्या निरोपावर वेळ होती अकरा दहा. अक्कांना तिकडं माझी ती हिरवी खूण दिसली होती. खुणेचा अर्थ एवढाच की निरोप सर्व्हरपर्यंत गेला. अक्कांनी अर्थ घेतला की मॅडमनी वाचला. तसा अर्थ घ्यायलाही मीच शिकवलं होतं.

मी फोनवर निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. मॅडम दोनच शब्द बोलल्या, “झटके येतील.” मग ड्रायव्हरला हाक मारल्याचं ऐकू आलं. पाच मिनिटांत जीप कच्च्या रस्त्यानं वस्तीकडं सुटली. मी खोलीत उभा राहिलो. सविताला मी कधी बघितलेलं नव्हतं, पण तिचा जीव मी ॲपमध्ये लिहिलेल्या एका ओळीपायी सव्वा तास खोळंबला होता, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

पाऊण तास गेला. जीपचा पत्ता नाही. आणि अचानक दारात झांजांचा आवाज. झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधलेला एक टेम्पो सरळ आमच्या आवारात शिरला. कर्नाटकातून तुळजापूरला निघालेल्या भाविकांचा. मागच्या फळीवर अक्का उभ्या, आणि त्यांच्या पायाशी घोंगडीत निजवलेली सविता. तिचा चेहरा सुजून गोल झालेला. ती डोळे किलकिले करून कुणाला तरी शोधत होती.

झालं होतं असं. सविताला एकटं सोडवेना, म्हणून तिचा नवरा शेतातून येईपर्यंत अक्का थांबल्या. मग एकला टाकीपाशी निरोप सोडून खाली आल्या, अर्धा तास वाट बघितली, पुन्हा टाकीपर्यंत चढल्या, तिथंच लिहून विचारलं, आणि दहा मिनिटं थांबून ठरवलं की बास. सविताच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर तिला मधे बसवून, मागून स्वतः धरून, हायवेपर्यंत आणलं. जीप गेली होती कच्च्या रस्त्यानं, म्हणून चुकामूक. तिथं रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. पहिल्या दोन गाड्या वळसा घालून गेल्या. तिसरा हा टेम्पो. अक्का ओरडल्या, “स्वल्प निंदर्री!” जरा थांबा हो! आपली भाषा ऐकून टेम्पो थांबला.

मॅडम फळीवर चढल्या, रक्तदाब बघितला, तिथंच इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, “सोलापूरला. आत्ता. मी सोबत येते.” टेम्पोतले म्हातारे मुख्य खाली उतरले, आपल्या माणसांकडं बघून कानडीत काहीतरी म्हणाले, तशी दहाबारा माणसं निमूट उतरून आवारात उभी राहिली. मला मोडक्या मराठीत म्हणाले, “आईचं दर्शन उद्या बी व्हतंय.”

टेम्पो वळत होता. अक्कांनी वरून मला बघितलं.

“सर, माझा निरोप?”

“पोचला होता अक्का. सर्व्हरवर होता. पण…”

“मंग?” त्या म्हणाल्या.

टेम्पो निघाला. त्या अजून माझ्याकडंच बघत होत्या. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून.

आवारातल्या माणसांसाठी चहा ठेवला. ती निंबाच्या सावलीत बसून हलक्या आवाजात देवीची गाणी म्हणू लागली, आणि मी आत जाऊन माझी ओळ शोधू लागलो. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जी टोकनं मी अगम्य म्हणून फेकली होती, त्यांच्यात वेळेचा संबंधच नव्हता. त्यांच्यात होती जागा. यादीत निरोप कुठं चिकटला, ती जागा. कुणी कधीही लिहो, फोनचं घड्याळ पुढं असो का मागं, निरोप ज्या क्रमानं पोचला तो क्रम टोकन सोडत नाही. म्हणजे ‘यानंतरचं दे’ म्हणून टोकन दाखवलं असतं, तर अकराचा निरोप एकला पोचूनही मॅडमच्या हातात पडला असता. कुठल्या देशांतली ती माणसं, त्यांनी आमची टाकी बघितली नाही, वस्ती बघितली नाही. पण रेंज नसलेल्या जागी बसून कुणीतरी निरोप लिहील आणि तो मागाहून येईल, याचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. आणि मी, इथला, रोज त्या माळाखालून जाणारा, तो विचार सचिवांच्या रजिस्टरापायी काढून फेकला. दाखवायचं वेळेनं, पण मागायचं टोकननं, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे मला चप्पल स्टँडवरच्या मावशींकडून आल्यावरच कळायला हवं होतं.

दिवेलागणीला मॅडमचा फोन आला. शस्त्रक्रिया करावी लागली होती. मुलगी झाली, अगदी लहान, काचेच्या पेटीत ठेवलेली. सविता शुद्धीवर. मॅडम म्हणाल्या, “अक्कांनी अर्धा तास जरी आणखी वाट बघितली असती…” मी आवारात येऊन त्या कानडी मंडळींना सांगितलं. त्यांनी भंडारा उधळला, माझ्याही कपाळाला लावला. मला तो लावून घ्यायची लाज वाटत होती, पण नाही म्हणवलं नाही.

मग सगळ्या फोनांची दुरुस्ती. टोकनं परत आली. आणि एक काम जास्तीचं. मी दिमाखात वेळेनं मागत होतो त्या अडीच महिन्यांत आणखी किती निरोप असे राहून गेले असतील? सर्व्हरवर सगळे होते. म्हणून प्रत्येक ॲपला सांगितलं की आजपासून उलटं वाचत जा. मागचं टोकन दाखव, वीस निरोप घे, त्यासोबत आलेलं नवं टोकन दाखव, आणखी वीस घे. असं करत पार सुरुवातीपर्यंत जा. सर्व्हर इथंही सरळ वागतो. मागं काही उरलं नाही की तो टोकनच देत नाही. म्हणजे समजायचं, पोचलो पहिल्या निरोपापाशी.

माझा फोन मी टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. एकेक हरवलेला निरोप आपल्या जागी येत होता. ‘टॉनिकच्या बाटल्या संपल्या.’ ‘उद्या पाहुणे हाईत, वजनं परवा घेते.’ सदतीस निघाले. बहुतेक किरकोळ. मी सुस्कारे टाकत होतो. मग श्रावणातल्या एका दिवसापाशी एक निरोप उमटला. महादेवीअक्कांचा. मला लिहिलेला.

‘टायपिंग सर, वस्तीत लिहून टाकीव येऊन सोडलेला निरोप मॅडमला जात न्हाय असं वाटतंय. हिरवी खूण येती पर उत्तर येत न्हाय. टाकीपाशीच लिहिलेला मातर जातो. दोनदा करून बघितलं. एकदा बघाल का?’

मी तो दोनतीनदा वाचला. मी सर्व्हर उघडून, याद्या काढून जे शोधलं, ते चौथी शिकलेल्या या बाईनं नुसतं चढून उतरून, दोनदा करून बघून, श्रावणातच शोधलं होतं. आणि तो निरोप त्यांनी वस्तीत लिहिला होता. म्हणून तोही राहिला.

महिन्याच्या बैठकीला अक्का आल्या तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. फोनवर तो निरोप दाखवला. म्हटलं, “अक्का, हा मला परवा मिळाला. तुमचा मी गुन्हेगार आहे. पण एक सांगा, वस्तीत लिहिलेलं जात नाही हे तुम्हाला श्रावणापासून माहीत होतं. मग सविताच्या वेळी तुम्ही वस्तीत का लिहिलंत?”

अक्कांना प्रश्नच नवल वाटला.

“तुमाला कळवलं व्हतं की सर,” त्या म्हणाल्या. “मंजी तुमी दुरुस्त केलंच असंल.”

आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या, परीक्षेत नापास झालेल्या पोरांच्या बापांच्या, सचिवांच्या, बायकोच्या. त्यातली एकही मला एवढी लागली नाही. माझ्यावरच्या त्या भरवशापायीच सविता मरणाच्या दारापर्यंत गेली होती.

अक्काच पुढं म्हणाल्या, “पोरगी दोन किलोची झाली. आता अंगावर पिती.” मग माझ्या फोनकडं बोट करून, “आन् सर, माझ्या निरोपाला उत्तर न्हाय दिलंत तुमी अजून.”

मी त्यांच्यापुढंच बसून लिहिलं, श्रावणातल्या त्या निरोपाखाली: ‘अक्का, तुमचं बरोबर होतं. चूक माझी. दुरुस्त केली.’ त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, बोटानं ओळ धरून सावकाश वाचलं आणि फोन कमरेला खोचला.

“पोचला बघा,” त्या म्हणाल्या, आणि बैठकीला जाऊन बसल्या.